कोल्हापूरचा पोसायडन आणि लंडनचा पोसायडन

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये असलेली अथेन्सच्या पार्थेनॉन या प्राचीन मंदिराची शिल्पं ग्रीसला परत द्यावीत की नाहीत, हा वाद काही वर्षं शांत राहतो आणि पुन्हा उसळतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान ऋषी सुनक यांनी याच कारणावरून ग्रीसचे पंतप्रधान किरियाकोस मित्सोटाकिस यांच्याशी ठरलेली भेट ऐन वेळी रद्द केली, तेव्हा आपल्याकडेही त्याची भरपूर चर्चा झाली. युरोप पाहून आलेल्या मराठी मंडळींच्या गप्पांत हा विषय निघाला की बहुतेक वेळा दोनच सूर ऐकू येतात. एक म्हणतो, ब्रिटिश म्युझियम म्हणजे चोरीच्या मालाचं कोठार, तिथं पाऊलही ठेवू नये. दुसरा म्हणतो, त्यांनी नेलं म्हणून तर टिकलं, तिथंच राहिलं असतं तर लोकांनी त्यावर नावं कोरून ठेवली असती. पहिल्या सुरात संताप आहे, दुसऱ्यात स्वतःच्या समाजाविषयीची खोल निराशा आहे. दोन्ही सुरांत एक गोष्ट मात्र सारखीच आहे: ती शिल्पं काय आहेत आणि ती पाहायची कशी, याचा कुणीच विचार करत नाही. चोर कोण आणि राखणदार कोण, एवढ्यावरच सगळं अडतं.

माझं मत आधीच सांगतो. पार्थेनॉनची शिल्पं अथेन्सला परत गेली पाहिजेत. ती ‘ग्रीकांची’ आहेत, हे माझ्या लेखी त्याचं मुख्य कारण नाही. ती एकच अखंड कलाकृती आहे, तिचे दोन तुकडे दोन शहरांत आहेत, आणि जिथून ते मूळ मंदिर डोळ्यांना दिसतं अशी जागा जगात फक्त अथेन्समध्ये आहे, हे कारण आहे. हेच कारण नीट लावलं तर जगभरच्या संग्रहालयांतल्या इतर बहुसंख्य ग्रीक वस्तू आहेत तिथंच राहू शकतात, असंही निघतं. त्यामुळे माझी भूमिका दोन्ही बाजूंच्या काही लोकांना पटणार नाही, याची मला कल्पना आहे.

पार्थेनॉन बांधलं गेलं इ.स.पू. ४४७ ते ४३२ या काळात. पेरिक्लीस अथेन्सचा नेता होता, इक्टिनोस आणि कॅलिक्राटेस हे स्थपती होते आणि शिल्पकामावर फिडियासची देखरेख होती. मंदिराच्या बाहेरच्या खांबांच्या वर ९२ चौकोनी शिल्पफलक होते. पूर्वेच्या आणि पश्चिमेच्या दर्शनी त्रिकोणांत मोठे पुतळे होते: पूर्वेला अथीना देवीचा जन्म, पश्चिमेला अथेन्सच्या स्वामित्वासाठी अथीना आणि समुद्रदेव पोसायडन यांच्यातली स्पर्धा. आणि आतल्या दालनाच्या भिंतीला बाहेरून, अगदी वरच्या बाजूला, सुमारे १६० मीटर लांबीचा एक सलग शिल्पपट्टा फिरत होता. त्यात साडेतीनशेहून अधिक माणसं आणि देव आहेत. मिरवणूक नैर्ऋत्य कोपऱ्यातून निघते, तिचे दोन प्रवाह होतात आणि मंदिराच्या दोन्ही बाजूंनी चालत ते पूर्वेकडे एकमेकांना भेटतात. आधी घोड्यांवर मांड टाकणारे तरुण, मग भरधाव घोडेस्वार, रथ, वृद्ध, वादक, पाण्याच्या घागरी खांद्यावर घेतलेली माणसं, बळीसाठी नेलेले बैल आणि शेवटी हळूहळू चालणाऱ्या मुली. पूर्वेला मधोमध देवीच्या वस्त्राची घडी दिली-घेतली जाते आहे आणि दोन्हीकडे देव बसलेले आहेत. वेग हळूहळू कमी होत शेवटी थांबतो. हा परिणाम एका दगडात नाही, तो त्या सलगपणात आहे.

आता हे पाहायचं कसं? ज्या समाजाला प्रदक्षिणा ठाऊक आहे त्याला हे समजावून सांगायची गरज नाही. पट्टा भिंतीच्या बाहेरच्या अंगाला होता. माणूस मंदिराभोवती चालायचा आणि मिरवणूक त्याच्याबरोबर चालायची. अथेन्सच्या अ‍ॅक्रोपोलिस म्युझियममध्ये, जे बर्नार्ड चुमी या वास्तुकाराने आखलं आणि जून २००९ मध्ये उघडलं, सर्वात वरचा काचेचा मजला खालच्या इमारतीपासून थोडा वळवून थेट पार्थेनॉनच्या दिशेशी जुळवला आहे. पट्टा तिथं मधल्या भिंतीला बाहेरून लावलेला आहे, मूळच्याच लांबी-रुंदीत. तुम्ही त्याच्याभोवती चालता आणि काचेतून वर अ‍ॅक्रोपोलिसच्या टेकडीवर मंदिर दिसत राहतं. लंडनमध्ये, ब्रिटिश म्युझियमच्या डुवीन दालनात, त्याच पट्ट्याचा तिथला भाग खोलीच्या भिंतींना आतून लावला आहे. तिथं प्रेक्षक गाभाऱ्यात उभा असतो आणि बाहेरची मिरवणूक आत वळून त्याच्याकडे पाहत असते. दालन भव्य आहे, उजेड सुंदर आहे, बसायला बाकं आहेत, आणि तरीही रचना उलटी झालेली आहे. या एका गोष्टीकडे जो प्रवासी लक्ष देईल, त्याला हा वाद कशाविषयी आहे ते कायद्याच्या दहा भाषणांपेक्षा लवकर कळेल.

आणि तुटलंय कुठं ते पाहा. पट्ट्याचे साधारण ७५ मीटर लंडनमध्ये आहेत, चौकोनी फलकांपैकी १५ तिथं आहेत आणि दर्शनी त्रिकोणांतल्या १७ मूर्तीही. उरलेल्यातलं बरंचसं अथेन्समध्ये. पूर्वेच्या पट्ट्यात देवीचं वस्त्र दिलं-घेतलं जातं तो दगड लंडनमध्ये आहे, आणि त्याला लागून बसलेले पोसायडन, अपोलो आणि आर्टेमिस अथेन्समध्ये आहेत. म्हणजे सोहळा एका देशात आणि सोहळ्याला बसलेले काही देव दुसऱ्या देशात. पश्चिमेच्या त्रिकोणातल्या पोसायडनचं तर धडच विभागलेलं आहे: छातीचा एक भाग अथेन्समध्ये, दुसरा लंडनमध्ये. अथेन्समध्ये खऱ्या संगमरवराला प्लास्टरची पांढरी प्रतिकृती जोडून ते धड उभं केलं आहे. मध आणि चुना शेजारी ठेवावेत तसा रंगांतला फरक लांबूनही दिसतो. एका चौकोनी फलकाचं अंग लंडनमध्ये आहे आणि त्यावरच्या दोन आकृतींची डोकी कोपनहेगनमध्ये. मित्सोटाकिस यांनी मोनालिसा मधोमध कापून दोन शहरांत टांगण्याचा जो दाखला दिला, तो अनेकांना नाटकी वाटला. मला तो सौम्य वाटतो. चित्र निदान एका रेषेत कापलं असतं.

आता विरोधी बाजूचे सर्वात भक्कम मुद्दे. पहिला जतनाचा, आणि तो मी हलका करणार नाही. ही शिल्पं लंडनला नेणाऱ्या लॉर्ड एल्गिनने पार्थेनॉन फोडलं नाही. १६८७ मध्ये व्हेनिसच्या सैन्याने अ‍ॅक्रोपोलिसला वेढा घातला, तेव्हा अथेन्सवर राज्य असलेल्या ऑटोमन तुर्कांनी मंदिरात दारूगोळा साठवला होता, त्यावर तोफेचा गोळा पडला आणि दोन हजार वर्षं उभी असलेली इमारत मधोमध उडाली. मग विजेता सेनापती मोरोसिनी याने पश्चिमेच्या त्रिकोणातली मधली शिल्पं लुटीसाठी उतरवायचा प्रयत्न केला, ती खाली पडून फुटली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ग्रीकांनीच केलेल्या दुरुस्तीत लोखंडी सळ्या वापरल्या गेल्या, त्या गंजून फुगल्या आणि दगड तडकले. पश्चिमेचा शिल्पपट्टा १९९३ पर्यंत मंदिरावरच होता आणि अथेन्सच्या धुरकट हवेने त्याचे चेहरे झिजवले. लंडनमधल्या दगडांना तेवढं सोसावं लागलं नाही. हे खरं आहे आणि जो ग्रीसची बाजू घेतो त्याने हे मान्य करूनच पुढं बोलावं.

याहून कठीण दाखला आपल्या मुंबईतच आहे. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात इराकमधल्या निमरूदच्या राजवाड्यातले अ‍ॅसिरियन शिल्पपट आहेत. २०१५ मध्ये आयसिसने निमरूदचे अवशेष सुरुंग लावून उडवले. जे एकोणिसाव्या शतकात तिथून हललं होतं, ते मुंबईत आणि लंडनमध्ये वाचलं. ‘सगळं जिथलं तिथं’ अशी घोषणा देणाऱ्याने मुंबईतल्या त्या दगडांसमोर उभं राहून ती पुन्हा द्यावी. मी ती देऊ शकत नाही.

पण या मुद्द्यातून लंडनचा हक्क सिद्ध होतो का? जतनाचा युक्तिवाद खरा मानायचा तर तो सगळ्यांना सारखा लावावा लागेल. एल्गिनच्या मालापैकी काही पेट्या घेऊन निघालेलं ‘मेंटॉर’ जहाज १८०२ मध्ये किथिरा बेटाजवळ बुडालं. शिल्पं पाणबुड्यांकरवी बाहेर काढावी लागली. १९३०च्या दशकात लंडनमध्येच ही शिल्पं ‘पांढरी’ दिसावीत म्हणून तांब्याच्या हत्यारांनी खरवडली गेली, आणि त्या खरवडण्यात वरचा मूळ थर गेला. डुवीन दालन १९४० मध्ये बॉम्बहल्ल्यात सापडलं. शिल्पं आधीच सुरक्षित जागी हलवली होती म्हणून वाचली. २०२३ मध्ये ब्रिटिश म्युझियममधून सुमारे २,००० वस्तू हरवल्या, चोरीला गेल्या किंवा त्यांची मोडतोड झाली हे उघड झालं आणि संचालकांना पद सोडावं लागलं. त्यातल्या पुष्कळशा वस्तू ग्रीक-रोमन विभागातल्या होत्या. आणि मराठी वाचकाने तर अजिंठा विसरता कामा नये. रॉबर्ट गिलने अजिंठ्याच्या लेण्यांत वर्षानुवर्षं बसून काढलेल्या प्रतिकृती लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत १८६६ मध्ये जळाल्या. त्यानंतर जॉन ग्रिफिथ्स आणि मुंबईच्या कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी नव्याने काढलेल्या प्रतिकृतींपैकी अनेक १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनच्या आगीत गेल्या. मूळ चित्रं अजिंठ्याच्या डोंगरात होती; आज ती झिजलेली असली तरी आहेत. लंडन म्हणजे सुरक्षित आणि पूर्व म्हणजे धोका, हे समीकरण आपल्या अनुभवावर तरी टिकत नाही.

ग्रीकांनी स्वतः काय केलं, तेही पाहा. १९४० मध्ये इटलीने ग्रीसवर हल्ला केला, तेव्हा अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयातल्या कर्मचाऱ्यांनी दालनांच्या फरशा उखडून खाली खोल खड्डे खणले आणि मोठमोठे पुतळे त्यांत उभे करून वाळूने बुजवले. एप्रिल १९४१ मध्ये जर्मन सैन्य अथेन्समध्ये शिरलं, तेव्हा संग्रहालय रिकामं होतं. पुढच्या हिवाळ्यात त्याच शहरात माणसं उपासमारीने मेली; पुतळे मात्र वाचले. ज्या लोकांनी हे केलं त्यांच्या नातवंडांना ‘तुम्हाला सांभाळता येईल का’ असं विचारणं मला उद्धटपणाचं वाटतं. आणि २००९ नंतर तर त्या प्रश्नाला जागाच उरलेली नाही. संग्रहालय नव्हतं तेव्हा ‘ठेवणार कुठं’ हा सवाल रास्त होता. आता ते आहे.

दुसरा मुद्दा कायद्याचा. एल्गिन १७९९ पासून ऑटोमन दरबारात ब्रिटनचा राजदूत होता. अथेन्स तेव्हा साडेतीन शतकं ऑटोमनांच्या ताब्यात होतं, ग्रीस नावाचं राष्ट्र अस्तित्वात नव्हतं, आणि १८०१ मध्ये त्याला सत्ताधाऱ्यांकडून परवानगी मिळाली. १८१६ मध्ये ब्रिटिश संसदेने चौकशी समिती नेमली, ८२ विरुद्ध ३० मतांनी खरेदी मंजूर केली आणि ३५,००० पौंड मोजले. लूट म्हणावी असं यात काय आहे, असा प्रश्न विचारला जातो आणि तो गंभीर आहे. पण त्या परवानगीचा मूळ कागद समोर नाही. उपलब्ध आहे ते एक इटालियन भाषांतर. त्यात चित्रं काढणं, साचे घेणं, उत्खनन करणं आणि काही दगड नेणं एवढ्याला मुभा आहे. उभ्या इमारतीवरून शिल्पं करवतीने कापून काढा, असं त्यात कुठंही नाही. एल्गिनचा माणूस लुसिएरी याने आपल्याला थोडं रानटी व्हावं लागलं, अशी कबुली खुद्द एल्गिनला लिहिलेल्या पत्रात दिली आहे. वजन कमी व्हावं म्हणून शिल्पपट्ट्याच्या दगडांची पाठ कापून टाकली गेली. ‘तेव्हाचे संकेतच तसे होते’ हा बचावही खरा नाही. तेव्हाच बायरनने कवितेतून एल्गिनला झोडपलं होतं, आणि १८१६ च्याच चर्चेत ह्यू हॅमर्स्ली या खासदाराने शिल्पं केवळ विश्वस्त म्हणून ठेवावीत आणि अथेन्सने मागितली की परत करावीत, असा प्रस्ताव मांडला होता. तो फेटाळला गेला. पण ब्रिटिश संसदेतच हे सुचलेलं होतं.

आणि समजा परवानगी पूर्ण वैध होती. मग काय? आपल्याच किनाऱ्यावर घारापुरीला एक भव्य दगडी हत्ती होता, त्यावरून पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं. १८६४ मध्ये इंग्रजांनी तो विलायतेला न्यायचं ठरवलं. उचलताना साखळी तुटली, हत्तीचे तुकडे झाले आणि म्हणून तो इथंच राहिला. पुढे तुकडे जोडून उभा केलेला तो हत्ती आज भायखळ्याच्या जिजामाता उद्यानात आहे. साखळी तुटली नसती, तर तो आज लंडनमध्ये असता आणि त्याच्या पाटीवर सगळं कायदेशीर असल्याचं लिहिता आलं असतं, कारण परवानगी देणारा आणि नेणारा एकच होता. अथेन्समध्ये निदान दोन वेगळी सरकारं होती. पण १८०१ मध्ये इजिप्तमध्ये नेपोलियनच्या सैन्याविरुद्ध ब्रिटिश फौजा ऑटोमनांच्या बाजूने लढत होत्या, आणि अशा वेळी सुलतानाचा दरबार ब्रिटिश राजदूताला नाही म्हणेल ही अपेक्षा कशी करायची? परकीय राज्यकर्त्याच्या सहीने जनतेचा वारसा हलतो तेव्हा कागद खरा असतो आणि प्रश्न तसाच राहतो. हे महाराष्ट्रात जन्मलेल्या माणसाला कळू नये, याचं मला खरंच आश्चर्य वाटतं.

तिसरा मुद्दा ‘जागतिक संग्रहालया’चा. २००२ मध्ये युरोप-अमेरिकेतल्या मोठ्या संग्रहालयांनी एक संयुक्त निवेदन काढलं: आम्ही एका देशाचे नाही, सगळ्या मानवजातीचे आहोत, आमच्याकडे संस्कृती शेजारी शेजारी दिसतात. यात तथ्य आहे आणि ते मी स्वतः अनुभवलं आहे. ब्रिटिश म्युझियममध्ये अ‍ॅसिरियन राजाच्या सिंहाच्या शिकारीचे पट पाहून लगेच पार्थेनॉनचे घोडे पाहिले की माणसाच्या हाताने दगडात हालचाल कशी आणली, याचा प्रवास एका दुपारी कळतो. प्रवेश विनामूल्य आहे, वर्षाला ६० लाखांच्या आसपास लोक येतात. पण मानवजात म्हणजे कोण? सातारा किंवा परभणीच्या कलाशिक्षकाला लंडनचा व्हिसा काढून, तिकीट काढून जाणं अथेन्सइतकंच अवघड आहे. मानवजातीसाठी काही करायचंच असेल, तर त्याचा नमुना मुंबईतच घडला. डिसेंबर २०२३ पासून छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात ब्रिटिश म्युझियम, बर्लिनची संग्रहालयं आणि लॉस एंजेलिसचं गेटी यांनी दिलेली प्राचीन शिल्पं भारतीय शिल्पांच्या शेजारी मांडली गेली. ग्रीक आणि रोमन मूर्ती इथल्या देवतांबरोबर उभ्या होत्या आणि शाळांच्या सहली त्यांच्यामधून फिरत होत्या. वस्तू हिंडल्या, कायमच्या अडकून पडल्या नाहीत. आणि प्रवास या शिल्पांना झेपत नाही असंही म्हणता येत नाही: डिसेंबर २०१४ मध्ये ब्रिटिश म्युझियमने याच संचातली नदीदेव इलिसोसची मूर्ती रशियात सेंट पीटर्सबर्गला प्रदर्शनासाठी पाठवली होती. मग तीच मूर्ती अथेन्सला जायला अडचण कसली?

चौथा मुद्दा सगळ्यात जास्त ऐकू येतो आणि तो सगळ्यात कमी तपासला जातो: हे दिलं की सगळंच द्यावं लागेल, संग्रहालयं ओस पडतील. इथं मला कोल्हापूरला यावं लागतं. पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरीच्या टेकडीत १९४०च्या दशकात कांस्य वस्तूंचा एक ठेवा सापडला आणि त्यात पोसायडनची एक छोटी, अतिशय डौलदार मूर्ती होती. ती आज कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात आहे. समुद्रापासून दूर, सह्याद्रीच्या अलीकडे, एक ग्रीक समुद्रदेव! सातवाहन काळात रोमन जगाशी चाललेल्या व्यापारातून तो घाट चढून आला. कार्ल्याच्या चैत्यगृहात खांबांवर यवन दात्यांची नावं कोरलेली आहेत. त्या काळाचं हे दुसरं बोलकं साक्ष देणारं चिन्ह. हा पोसायडन ग्रीसला परत द्यावा का? मुळीच नाही. त्याचा अर्थ कोल्हापुरातच आहे. अथेन्सच्या कपाटात तो शेकडो छोट्या मूर्तींतला एक ठरेल; इथं तो दख्खनच्या इतिहासाचं एक पान आहे. हीच गोष्ट ग्रीक चित्रांकित भांड्यांची. जगभरच्या संग्रहालयांतली कितीतरी सुरेख अथेनियन भांडी इटलीतल्या एट्रुस्कन थडग्यांत सापडली, कारण ती विकण्यासाठीच जहाजातून तिकडे गेली होती. अथेन्सने त्यांच्यावर हक्क सांगायचं कारण नाही. चोरट्या उत्खननातून आलेल्या भांड्यांची गोष्ट वेगळी. युफ्रोनिओसचा प्रसिद्ध रांजण न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २००८ मध्ये इटलीला परत दिला, ग्रीसला नव्हे, आणि ते बरोबरच झालं.

म्हणून कसोटी राष्ट्रीयत्वाची लावू नये. ही वस्तू एखाद्या रचनेतून तोडलेली आहे का, ती रचना अजून उभी आहे का आणि तुटलेला भाग तिच्याजवळ पाहायची सोय आहे का, हे विचारावं. ही कसोटी लावली की कोल्हापूरचा पोसायडन कोल्हापुरात राहतो आणि लंडनमधलं पोसायडनचं अर्धं धड अथेन्सला जातं. त्याच टेकडीवरच्या एरेक्थिऑन मंदिराच्या सहा स्त्री-स्तंभांपैकी पाच अ‍ॅक्रोपोलिस म्युझियममध्ये आहेत आणि सहावीची जागा मोकळी ठेवली आहे. लंडनमधली ती सहावी जाते. पण पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातली मिलोची व्हीनस? ती मिलोस बेटावर १८२० मध्ये जमिनीत सापडली. कुठल्या उभ्या इमारतीचा अवयव म्हणून ती तोडलेली नाही. तिच्यासाठी मी भांडणार नाही. एजिना बेटावरच्या अफाया मंदिराची शिल्पं म्युनिकमध्ये आहेत. मंदिर उभं आहे, पण शिल्पांचा संच बव्हंशी एकत्र आहे. तिथं माझी कसोटी मला सरळ उत्तर देत नाही, आणि तो प्रश्न मी उघडा ठेवतो. सगळ्या प्रकरणांना एकच निकाल लावण्याचा आग्रह हेच या वादाचं मूळ दुखणं आहे.

संग्रहालयवाल्यांना हे तत्त्व परकं आहे असंही नाही. लूव्रमधल्या सामोथ्राकी बेटाच्या विजयदेवतेचा उजवा हात १९५० मध्ये त्या बेटावर सापडला, त्याची बोटं व्हिएन्नाच्या संग्रहात निघाली, आणि दोन्ही पॅरिसला आणून देवतेजवळ ठेवली गेली. तुकडे जुळतात तेव्हा ते एकत्र असावेत, हे कुणी वाद न घालता मान्य केलं. पार्थेनॉनच्या बाबतीतच ते वादग्रस्त का व्हावं?

हा विचार आपल्या मागण्यांनाही लावून पाहायला हवा. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं जुलै २०२४ मध्ये तीन वर्षांच्या बोलीवर साताऱ्यात आली. त्या निमित्ताने जो वाद झाला तो खरी की खोटी, मान की अपमान, एवढ्याभोवतीच फिरला. अफझलखानवधात वापरलेली वाघनखं हीच, हे सिद्ध करता येत नाही असं त्या संग्रहालयानेच म्हटलेलं आहे. साताऱ्यातला इंग्रज अधिकारी ग्रँट डफ याच्या हाती ती कशी आली, साताऱ्याच्या गादीशी इंग्रजांचे संबंध तेव्हा कसे होते, हे समजून घ्यायची केवढी संधी होती! आंध्रातल्या अमरावतीचा महाचैत्य, म्हणजे मोठा बौद्ध स्तूप, हे याहून मोठं प्रकरण आहे. त्याचे शिल्पफलक मुख्यतः चेन्नई आणि लंडन यांच्यात विभागले गेले आहेत. एका रचनेचे दोन तुकडे, अगदी पार्थेनॉनसारखे. पण स्तूप उभा नाही. ते सगळे फलक एकत्र, प्रदक्षिणेच्या क्रमाने पाहता येतील असं दालन आपण बांधलं, तर लंडनमधल्या फलकांची मागणी भक्कम होईल. मेलिना मर्कुरी यांनी ग्रीसच्या संस्कृतीमंत्री म्हणून १९८२ मध्ये मेक्सिकोतल्या युनेस्को परिषदेत हा विषय जगापुढे मांडला. त्यांच्या भाषणांची आठवण सगळे काढतात. पण वाद खरोखर बदलला तो सत्तावीस वर्षांनी संग्रहालयाची इमारत उभी राहिली तेव्हा.

मग प्रवाशाने काय करावं? बहिष्कार घालावा, या तरुण मित्रांच्या मताचा मला आदर आहे, पण मी सहमत नाही. जो पाहतच नाही त्याला काय तुटलं ते कळणार कसं? सहलीच्या कार्यक्रमात ब्रिटिश म्युझियमला दोन तास असतात, त्यात ममी, रोझेटा शिला आणि पार्थेनॉन उरकायचं असतं. त्याऐवजी सगळा वेळ डुवीन दालनात द्यावा. देवीच्या वस्त्राच्या दगडासमोर उभं राहून शेजारी कोण बसलं असायला हवं होतं, हे स्वतःला विचारावं. पाट्या वाचाव्यात आणि त्यांत काय सांगितलेलं नाही ते ओळखावं. शक्य असेल तर आधी अथेन्स करावं, कारण तिथं प्लास्टरच्या प्रतिकृती पाहिलेल्या असल्या की लंडनमधला प्रत्येक दगड कुठून निघाला ते डोळ्यांसमोर येतं. मुलांना बरोबर न्यावं आणि त्यांना उत्तर देण्याआधी त्यांचं मत विचारावं.

बदल सुरू झालेलाच आहे. हायडेलबर्ग विद्यापीठाने २००६ मध्ये आपल्याकडचा तुकडा परत दिला. सिसिलीतल्या पालेर्मोच्या संग्रहालयाने आर्टेमिसच्या पायाचा तुकडा आधी उसना दिला आणि २०२२ मध्ये कायमचा. पूर्वेच्या पट्ट्यात बसलेल्या आर्टेमिसला आता तिचा पाय मिळाला आहे. मार्च २०२३ मध्ये व्हॅटिकनने तीन तुकडे पाठवले. ब्रिटिश म्युझियमचे विश्वस्त १९६३ च्या कायद्याकडे बोट दाखवतात: संग्रहातली वस्तू आम्हाला देताच येत नाही. पण नाझींनी लुटलेल्या वस्तू वारसांना परत देता याव्यात, म्हणून ब्रिटिश संसदेने २००९ मध्ये खास कायदा करून हीच आडकाठी दूर केली होती. १८१६ मध्ये ज्या सभागृहाने मतदान करून ही शिल्पं घेतली, त्याच सभागृहाच्या हातात ती सोडणंही आहे. बदल्यात ग्रीसने लंडनला इतर प्राचीन वस्तू आळीपाळीने द्यायची तयारी पुन्हा पुन्हा दाखवली आहे. ग्रीक भूमीतून निघालेल्या आणि लंडनने कधी न पाहिलेल्या मूर्ती डुवीन दालनात दर काही वर्षांनी बदलत राहतील, आणि बासाईचा शिल्पपट्टा, झँथोसचं नेरेइड स्मारक, भांड्यांची दालनंच्या दालनं तर तिथं आहेतच. लंडनच्या प्रेक्षकाचं यात नक्की काय जाणार आहे, हे मला आजवर कुणी पटवून देऊ शकलेलं नाही.